सव्वा तासाची अळी

जगातला सगळ्यात टुकार भयपट आमच्या परभणी जिल्ह्यात तयार झाला, याबद्दल माझ्या मनात तीळभरही शंका नाही. बाकीच्यांनी आपापल्या जिल्ह्याचे दावे खुशाल करावेत. पण त्यांनी आधी हा सव्वा तास बसून काढावा. मी काढलाय. एकदा नाही, इतक्यांदा काढलाय की अळीचा कुठला पाय कितव्या मिनिटाला गळून पडतो, हे मला तोंडपाठ आहे.

हा सिनेमा ज्यांनी काढला ते आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी मराठी शिकवायचो. अठ्ठावीस वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. त्यांचं नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना ‘किडेवाले सर’ एवढ्यावरच कळेल. आता इतका भिकार सिनेमा मी पुन्हा पुन्हा का बघतो? तर त्यात चाळिसाव्या मिनिटाला माझी बायको आहे. वीस सेकंद. कापूस वेचता वेचता मागं वळते आणि काहीतरी बोलते. ती जाऊन अडीच वर्षं झाली. तिचं हलतं-बोलतं म्हणावं असं माझ्याकडं तेवढंच आहे, आणि त्यातही तोंड तिचं अन् आवाज भलत्याच पोरीचा आहे.

लोक म्हणतात, आजकाल असं कसं होईल, घरोघरी मोबाईल आहेत. आहेत ना. पण आमच्याकडं माझ्या फोनवरून फोटो काढणारी तीच होती. कुणी तिच्याकडं फोन धरला की ही पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात. स्वतःचा फोन शेवटपर्यंत बटनाचा. लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओत ती चारदा दिसते, चारही वेळा हातात ताट घेऊन पळताना, आणि वर सनई चिकटवलेली. ती त्या मांडवात कुणावर तरी ओरडत होती एवढं दिसतं. ऐकू येते ती सनई.

तर सर. सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी काडेपेटी असायची. बिडी-सिगारेटशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पेटीत किडा असायचा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडले की हे पेटी उघडायचे. बाईमाणसं टेबल सोडून जायची. मग सर समाधानानं मोठी जागा घेऊन बसायचे. स्टाफरूममधलं झुरळ मारायची कुणाची टाप नव्हती. एकदा मुख्याध्यापकांनी चप्पल उगारली तर सरांनी त्यांचा हात धरला आणि झुरळ हे माणसाच्या कितीतरी आधीपासून इथलं रहिवासी आहे, असं त्यांना ऐकवलं. मुख्याध्यापकांची बदली त्याच वर्षी झाली. सर म्हणाले, बघा, कोण टिकलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणीही कशावरही बोलायला लागलं की म्हणायचे, ‘पाय मोजा, मग बोला.’ कोळ्याला कुणी किडा म्हटलं तर खल्लास. आठ पाय, कीटक नव्हे. गोमेला किडा म्हटलं तर त्याहून खल्लास. आमच्या इंग्रजीच्या बाई नवी साडी नेसून आल्या. पदरावर भरतकामाची फुलपाखरं होती. सगळ्यांनी साडीचं कौतुक केलं. सरांनी भिंग काढून पदर तपासला आणि जाहीर केलं की प्रत्येक फुलपाखराला दोन पाय कमी आहेत, साडी परत करा. बाईंनी ती साडी पुन्हा शाळेत नेसली नाही. लग्नात, मुंजीत, मयतीत, कुठंही हा माणूस पायांवरून भांडायचा. खोटं म्हणून एक त्यांना सहन व्हायचं नाही. पाहुण्याला खोटं ‘छान झालं जेवण’ म्हणणंसुद्धा त्यांना जमत नसे. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

कापसावर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा सरांना एकदम भाव आला. कुणाकुणाचे बाप, काके, मामे शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, काय फवारू? सर विचारायचे, तुमी अळी बघितली का? ते म्हणायचे, बघायचं काय तिच्यात, औषध सांगा. सर लाल व्हायचे. तीस वर्षं पोरांना शिकवलं, एकानं नीट किडा बघितला नाही, असं ते मला वर्गात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. पोरं एक तर किंचाळतात नाही तर चिरडतात. आणि मग एक दिवस, निवृत्तीला सहा महिने राहिले असताना, डब्यातली भाकरी तशीच ठेवून त्यांनी मला सांगितलं की उपाय सापडलाय. अळी मोठी करायची. एसटीएवढी. एसटीएवढी झाली की झक मारत बघतील.

मला वाटलं उन्हाचा त्रास असेल.

आता त्या सिनेमाची गोष्ट ऐका. एक शेतकरी चार औषधं आणि वरून टॉनिक एकाच पंपात कालवतो. उरलेलं बांधावर ओततो. तिथल्या एका अळीला ते मानवतं आणि ती वाढत जाते. इथवर ठीक आहे, असं आमच्याकडं शेतोशेती चालतं, अळी तेवढी वाढायची बाकी आहे. पुढं काय? पुढं राक्षसी अळी गावात घुसेल, माणसं खाईल, डरकाळी फोडेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण सरांनी बजावलं की अळीला फुफ्फुसं नसतात, घसा नसतो, ती ओरडणार कुठून? अळी गप्प. म्हटलं, निदान माणसं तरी खाऊ द्या. तर म्हणे ती बोंडातली सरकी खाते, माणूस तिचं खाद्य नव्हे. म्हटलं, अहो सर, मग लोक भितील कशाला? तर म्हणाले, ‘पीक गेल्यावर भीत नाहीत का?’

हे एकच वाक्य त्यांनी सिनेमात घातलं असतं तरी चाललं असतं. पण ते घातलं नाही. त्याऐवजी नऊ मिनिटांचं व्याख्यान घातलं. शास्त्रज्ञाचं काम सरांनी स्वतः केलंय. हातात छडी, मागं तक्ता. अळीच्या शरीराचे भाग एकेक करून सांगतात. सांगून झाल्यावर गावकऱ्यांना विचारतात, समजलं का? गावकरी माना डोलवतात. आमच्या वर्गात यापेक्षा जास्त थरार असायचा.

मध्यंतरानंतर अळी कोषात जाते. अकरा मिनिटं पडद्यावर फक्त कोष आहे. एकदा वाऱ्यानं हलतो. मग त्यातून पतंग निघतो. हा पतंग म्हणजे दोन जुन्या छत्र्या आणि एक गोणपाट, लिंबाच्या झाडाला सुतळीनं टांगलेला. सुतळी दिसते. तो दोनदा फडफडतो आणि मरतो. मारत कुणी नाही. पतंगाचं आयुष्यच थोडक्या दिवसांचं, तो त्याच्या वेळेला मरतो. तमाम भयपटांत राक्षस म्हातारपणानं मेल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. नायक नुसता बघत उभा असतो. सगळ्यात कडी म्हणजे आवाज. सिनेमातले सगळे पुरुष, म्हणजे सरपंच, फौजदार, तलाठी, शेतकरी आणि खुद्द सर, एकाच खर्जातल्या आवाजात, एकाच शुद्ध मराठीत बोलतात. ‘हे अत्यंत गंभीर आहे, सरपंच!’ ‘होय, हे खरोखरच गंभीर आहे!’ आणि सगळ्या बाया, आठ वर्षांच्या पोरीपासून सत्तरीच्या म्हातारीपर्यंत, एकाच मंजुळ आवाजात.

अळी मात्र झकास होती, हे मान्य करायला हवं. गंज बाजारातल्या एका गादीवाल्याकडून सरांनी जुन्या गाद्या घेतल्या, त्यांची एकावर एक वळकटी करून शिवून घेतली आणि गुलाल कालवून रंग दिला. सोळा पाय. पुढचे सहा खरे, मागचे दहा नुसते पोटाचे, हे सर येईल त्याला सांगायचे. आत दोन माणसं. पुढं आमच्या शाळेचे शिपाई, ज्यांना सगळी शाळा मामा म्हणते, आणि मागं सरांचा मेहुणा. मामांना घामाबरोबर गुलाल उतरायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर मामा महिनाभर गुलाबी होते. नव्या पोरांना वाटायचं, यांनी कुठली तरी निवडणूक जिंकली.

शूटिंग राणीसावरगावच्या शिवारात झालं, कारण ती माझी सासरवाडी आणि माझ्या मेव्हण्याच्या रानात कापूस फुटलेला. दिवाळीला माझी बायको माहेरी होतीच. सरांनी तिला विचारलं, वहिनी, कापूस वेचता का? ती म्हणाली, तो तर मी वेचायलेच. झालं, नटी मिळाली. वाक्य मी लिहिलं होतं. सगळ्यांचीच वाक्यं मीच लिहिली होती. तिचं होतं, ‘अरे देवा! हे कसले संकट कोसळले!’ कागदावर लिहून मी तिच्याकडून चारदा म्हणवून घेतलं होतं. चारही वेळा ती हसली. मग मी सहामाहीचे पेपर तपासायला परभणीला निघून आलो. उन्हात उभं राहून गादीचं दर्शन घेण्यात मला रस नव्हता.

ती परत आली तेव्हा दारातच मी विचारलं, वाक्य बरोबर म्हटलंस ना? प्रवास कसा झाला, भाऊ कसा आहे, हे नाही विचारलं. ती पिशवी ठेवत म्हणाली, सरांनाच विचारा. मी खरंच सरांना फोन लावला. सर म्हणाले, ‘वहिनी अगदी बरोबर बोलल्या.’ मला बरं वाटलं.

आता जी गोष्ट सांगतो ती मी गावभर सांगताना नेहमी गाळत आलो. सरांना त्या सिनेमात लोकांचे तिथले, रानातले आवाज तसेच ठेवायचे होते. कॅमेऱ्यात आले होते ते सगळे. मी ते ऐकले आणि कपाळाला हात लावला. सरपंच म्हणतोय, ‘आमी काय करावं आता? लय मोठी हाय राव.’ म्हातारी म्हणतेय, ‘समदं खायलीय मुडदी.’ मी म्हणालो, सर, हे पुण्या-मुंबईकडच्या माणसानं ऐकलं तर हसून मरेल. मराठवाड्याची आधीच काय कमी शोभा आहे? हे काही चालायचं नाही. सगळं पुन्हा भरा, शुद्ध भाषेत. सरांनी दोन दिवस वाद घातला. म्हणाले, प्राणी ज्या जागी सापडला त्या जागेचा असतो, त्याला दुसरीकडचा रंग देऊ नये. मी म्हणालो, भाषा हा माझा विषय आहे, तुमचा नाही. शेवटी त्यांनी माझं ऐकलं.

शाळेच्या वाचनालयात, पंखा बंद करून, भिंतींना त्या अळीच्याच गाद्या लावून आम्ही आवाज भरले. बायांचे सगळे आवाज माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे. वक्तृत्वात तिनं शाळेला ढाली आणल्या होत्या, ‘ण’ आणि ‘न’ कसा हिऱ्यासारखा वेगळा. पुरुषांचे सगळे आवाज माझे. होय, तो खर्जातला सरपंच मी, फौजदार मी, तलाठी मी आणि व्याख्यान देणारे सरही मीच. इतका वेळ ज्याला नावं ठेवली तो मीच आहे. मला वाटलं होतं लोक विचारतील, हा भारदस्त आवाज कुणाचा?

बायकोचा तुकडा आला तेव्हा मी म्हणालो, हिचं मूळचं ऐकू द्या. सर यंत्राकडं बघत म्हणाले, वाऱ्यानं गेला तो आवाज, नुसती फडफड आहे. मी म्हटलं, जाऊ द्या, नाहीतरी बदलायचाच होता. माझ्या विद्यार्थिनीनं एका दमात वाक्य म्हटलं. तिचं म्हणून झालं तरी पडद्यावर बायकोचं तोंड हलतच होतं. मी म्हणालो, चालतंय.

पहिला खेळ एका मंगल कार्यालयात ठेवला. लग्नाची तीथ नव्हती म्हणून रविवारी सकाळी हॉल मिळाला. खिडक्यांना मांडवाचे लाल पडदे लावले, त्यातून ऊन आत येत होतं, त्यामुळं अळी गुलाबी आणि माणसंही गुलाबी. निम्मी परभणी लोटली होती. पहिली दहा मिनिटं लोक कौतुकानं गप्प होते. मग फौजदार बोलला, लगेच सरपंच बोलला, आणि मागून कुणीतरी विचारलं, हे दोघं जुळे भाऊ हायेत का? तिथून जे हसू सुरू झालं ते थांबेना. कोष आला तेव्हा लोक चहा पिऊन परत आले. पण सगळ्यात मोठा हशा पिकला तो चाळिसाव्या मिनिटाला. माझी बायको वळली, तोंडभर बोलायला लागली, आणि वर सहा शब्दांचं ‘संकट कोसळले’. मागचा एक जण ओरडला, ‘बाईचं तोंड रानात अन् आवाज पुण्यात!’

ती माझ्या शेजारीच बसली होती. तीही हसली. सगळ्यांबरोबर हसली, टाळी दिली शेजारणीला. सर पडद्यापाशी उभे होते, छडी घेऊन, लोकांच्या तोंडांकडं बघत. अळीकडं कुणी बघत नव्हतं. एवढी एसटीएवढी करून कुणी बघत नव्हतं.

घरी जाताना स्कूटरवर मागून ती म्हणाली, ‘आवो, माझा आवाज लयच वाईट हाय का?’

मी म्हणालो, वाऱ्यानं गेला तो, सरांच्या यंत्राची गडबड. बाकीच्या बायांचे आवाजही बदललेत हे मी सांगितलं नाही, आणि तो निर्णय कुणाचा तेही सांगितलं नाही. ती बरं म्हणाली. मग भाजीवाल्यापाशी थांबवायला लावून तिनं मेथी घेतली.

त्यानंतर सव्वा वर्षानं ती आठ दिवसांच्या आजारानं गेली. लग्न झाल्यापासून मी तिला सुधारत होतो. ती ‘हाय’ म्हणाली की मी ‘आहे’ म्हणायचो, पाहुण्यांसमोरसुद्धा. पाहुण्यांसमोर ती हळूहळू कमीच बोलायला लागली. मला वाटायचं, शिकली. आता घरात कुणी ‘हाय’ म्हणत नाही, ‘आहे’ही म्हणत नाही. मी रोज एकदा चाळिसावं मिनिट लावायचो आणि तिच्या ओठांवरून काय बोलतेय ते ओळखायचा प्रयत्न करायचो. तोंड आधी मोठं उघडतं, मग ती हसते, मग गादीकडं हात करून काहीतरी सांगते, मग शेवटी कॅमेऱ्याच्या मागं बघून काहीतरी म्हणते. अठ्ठावीस वर्षं भाषा शिकवली, मला एक शब्द ओळखता आला नाही.

राग कुणावर काढायचा? तेराव्याला सर आले. काडेपेटी न घेता आले होते. मी भरल्या पंगतीत त्यांना म्हणालो, तुम्ही माझ्या बायकोचा आवाज घालवलात. पायांवरून मयतीत भांडणारा माणूस, त्यानं नुसता चष्मा काढून दस्तीनं पुसला. ताटावरचं संपवून निघून गेला. मग मी बाजारात, शाळेत, पेन्शनीच्या रांगेत सगळ्यांना सांगत सुटलो की या माणसाला एक यंत्र नीट धरता आलं नाही. सिनेमाला मी आधी ज्या शिव्या घालायचो त्या गमतीच्या होत्या. आता जहरी घालायला लागलो. सरांपर्यंत सगळं पोचत होतं. ते गप्प. मला वाटलं, चूक कबूल आहे म्हणून गप्प आहेत. दोन वर्षांहून जास्त आम्ही बोललो नाही.

मागच्या महिन्यात बाजारात मामा भेटले. तेही आता निवृत्त. इकडचं तिकडचं झालं, आणि बोलता बोलता ते म्हणाले, वहिनींची लय आठवण येते, त्या दिवशी अळीत असताना त्यांनीच पाणी पाजलं, सरांना लय बोलल्या. मी विचारलं, काय बोलल्या? मामा म्हणाले, गादीतून नीट ऐकू येत न्हाई हो. म्हटलं, तो आवाज वाऱ्यानं गेलाय. मामांनी हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणाले, ‘त्या दिवशी वारं कुठं होतं? पान हालत नव्हतं, मी आत मरायलो होतो. अन् सर काय टाकून देतेत व्हय? मेलेली माशी टाकत न्हाईत ते.’

मी तसाच जिंतूर रोडला सरांच्या घरी गेलो. दार उघडताच डांबरगोळ्यांचा वास. भिंतीला लाकडी पेट्या, पेट्यांत टाचण्यांना टोचलेले किडे, प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी. स्थळ, वार, पीक, पकडणाऱ्याचं नाव. सर म्हातारे झाले होते. मी काय वाक्य जुळवून आणलं होतं ते विसरलो आणि नुसतं म्हणालो, वारं नव्हतं म्हणे त्या दिवशी. सर म्हणाले, नव्हतं. बसा.

त्यांनी एक खण ओढला. त्यात शूटिंगचे सगळे तुकडे सीडीच्या छोट्या छोट्या चकत्यांत भरून ठेवलेले, एकेक कागदात गुंडाळून, प्रत्येकावर चिठ्ठी, किड्यांसारखीच. एकावर लिहिलं होतं: राणीसावरगाव शिवार, शनिवार दुपार, कापूस, वहिनी. त्यांनी ती चकती संगणकात घातली आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली.

ती वळली. तोंड मोठं उघडलं. आणि तिचा आवाज आला, जाडसर, रानात हाक मारायची सवय असलेला. ‘अगं माय! केवडी हाय ही! खाऊन खाऊन लय माजलीय.’ मग हसली. मग गादीकडं हात करून म्हणाली, ‘आवो सर, मामा आत उकडून मरायलेत. आधी पाणी द्या त्यांला, मग भिते मी.’ मागून सरांचा आवाज, वहिनी, वाक्य म्हणा, आमचे मराठीचे सर घरी विचारतील. तिनं कॅमेऱ्याच्या मागं बघितलं. ‘ते न्हाई येत मला. तुमीच सांगा त्यांला, बरोबर बोलली म्हणून. न्हाईतर पुन्ना चारदा म्हणायला लावतेल.’

सरांनी तुकडा थांबवला. मी म्हटलं, पुन्हा लावा. त्यांनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा मला पडदा दिसेनासा झाला, नुसतं ऐकत बसलो. दोन वर्षं जिल्हाभर ज्याची मी बदनामी केली, तो माणूस शेजारी उभा राहून यंत्राचं बटन दाबत होता. मी विचारलं, तुम्ही मला सांगितलं का नाही? तेराव्याला तरी तोंडावर फेकायचं. सर म्हणाले, ‘वहिनींनी सांगितलं होतं ना, बरोबर बोलली म्हणा. मी हो म्हणालो होतो.’ मग म्हणाले, ‘आणि ते काही खोटं नव्हतं. मी तुम्हाला वाऱ्याचं सांगितलं, ते तेवढं खोटं.’

सिनेमा अजूनही टुकारच आहे. कुणी विचारलं तर मी अजूनही सांगतो, तो सव्वा तास वाचवा, आणि सगळ्यात वाईट काम त्यात माझं आहे. सरांनी मला तो तुकडा उतरवून दिला. द्यायच्या आधी त्याच्यावर नवी चिठ्ठी हवी म्हणाले, नियमाप्रमाणे. टेबलाशी बसून त्यांनी बारीक अक्षरात स्थळ लिहिलं, वार लिहिला, पीक लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, बोललेलं वाक्य कसं लिहू?

मी म्हणालो, ती बोलली तसं.

त्यांनी लिहिलं. पहिल्या ‘अगं माय’पासून शेवटच्या ‘चारदा म्हणायला लावतेल’पर्यंत सगळं लिहिलं, कागदाच्या पाठीमागं वळून लिहिलं आणि सवयीनं तपासायला माझ्यापुढं ठेवलं. माझ्या खिशात लाल पेन होतं, निवृत्तीनंतरही असतंच. मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि तशीच त्यांच्या हातात परत दिली.